पुढे म्हशी, मागे जीप

देवमन माझा साळा. बायकोचा धाकटा भाऊ म्हटल्यावर त्याची थट्टा करण्याचा हक्क मला मांडवातच मिळाला होता आणि मी तो कधी वाया घालवला नाही. अंगाने कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाटीसारखा, पाय मात्र असे की बघणाऱ्याने आधी ते बघावेत आणि तोंडाकडे मग वळावं. मी अकोल्याला रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाल होतो आणि सासुरवाडी अंजनगाव सुर्जीच्या पलीकडे. मूर्तिजापूरला उतरून छोट्या लाईनच्या गाडीत बसलं की ती वाटेतल्या प्रत्येक बाभळीची विचारपूस करत निघायची. देवमन मला घ्यायला स्टेशनात येत नसे. अलीकडच्या फाटकापाशी उभा राहायचा आणि गाडी दिसली की तिच्या बरोबरीने धावायला लागायचा.

"तिकीट नाई भेटलं का रे?" मी खिडकीतून विचारायचो.

"तुमी बसा आरामात, भाऊजी. मी पुढं जाऊन चा सांगून ठेवतो," तो म्हणायचा, आणि खरोखर ठेवायचा.

हे धावणं त्याच्यात कुठून आलं ते सगळ्या वस्तीला ठाऊक होतं, आणि म्हणूनच कोणी ते बोलून दाखवत नसे. माझे सासरे डोमाजी, त्यांना मी मामाजी म्हणायचो, गावकीचं काम करायचे. महारकीचं. खुशालराव पाटील दमणीत बसून निघाले की मामाजींनी घुंगराची काठी घेऊन तिच्या पुढे धावायचं. दमणी म्हणजे दोन बैलांची हलकी गाडी, मोठ्या लोकांच्या बसण्याची. रस्त्यात ढोरं आली, माणसं आली तर 'बाजू, बाजू, मालकाची गाडी आली' अशी आरोळी द्यायची आणि त्यांना हटवायचं. कोणी साहेब दौऱ्यावर आला तर त्याच्या घोड्यापुढेही तेच. रस्ता मोकळा झाला की आपण कडेला सरायचं, कमरेत वाकून जोहार घालायचा आणि गाडी गेली की मागून धावत जाऊन तिला पुन्हा गाठायचं. देवमन लहान असल्यापासून बापाबरोबर जात होता. बापाचा आवाज बसला की आरोळी पोराने द्यायची.

छप्पन साली आमच्या लोकांनी दीक्षा घेतली. वस्तीत बैठक बसली आणि गावकीची कामं सोडायची असं ठरलं. म्हातारी माणसं धास्तावली होती. मामाजी एवढंच म्हणाले की मी इतकी वर्षं इमानानं काम केलं, पाटलाला सांगून तरी सोडू. त्यावर देवमन उभा राहिला. तेव्हा विशी ओलांडलेली होती, रक्त गरम, आणि अंगावर नवा पांढरा सदरा. सगळ्या वस्तीसमोर तो बापाला म्हणाला,

"कायचं इमान, बाबा? दमणीले बैल जुतले होते, त्याइले चारा त भेटे. तुमी बैलाइच्याई पुढं पयले, आन् तुमाले काय भेटलं? उष्टं. लाज कशी नाई वाटली तुमाले?"

बोलणं खरं होतं. मला तेव्हाही पटलं आणि आजही पटतं. पण ते कोणाला म्हटलं आणि कुठे म्हटलं, हे पाहायला नको का? मामाजी उठून घरी गेले, काठीची घुंगरं सोडली आणि काठी चुलीत घातली. पोराशी अबोला धरला असंही नाही. जेवला का, झोपला का, एवढं विचारत. त्यापुढचं बोलणं मात्र त्या दिवशी संपलं.

देवमन अंजनगावच्या एका जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला लागला. हंगाम संपला की मोकळा. तिथल्या कोणा मास्तरने त्याला पळताना पाहिलं आणि अमरावतीच्या मैदानी शर्यतीत नेलं. तिथे हा अनवाणी धावला आणि बूटवाल्यांना मागे टाकून आला. मग अकोल्यात लांब पल्ल्याची शर्यत झाली. त्या दिवशी मी धक्क्यावरचे सगळे हमाल काम सोडून रस्त्यावर आणून उभे केले होते. मुकादम आजही भेटला की त्यावरून मला टोमणे मारतो. देवमन पहिला आला आणि मी तीन दिवस असा हिंडलो की जणू मीच धावलो होतो.

माझ्या सासूला, चतुराबाईंना, हे पळणं काही रुचत नव्हतं.

"इतकं सारं सोडलं आपुन," त्या म्हणायच्या, "मंग पयनंच काहून धरून ठेवलं यानं?"

"माय, आता माह्या मांगं कोनाची गाडी नाई," देवमन सांगायचा. "मी माह्यासाठी पयतो."

हे वाक्य वस्तीत तोंडपाठ झालं होतं. त्याच्यापेक्षा लहान पोरं धावताना ते ओरडायची. मामाजी तेव्हा ओट्यावर बसलेले असले तर उठून आत जायचे.

एकसष्ट सालच्या जानेवारीत चिखलदऱ्याची शर्यत ठरली. धामणगाव गढीपासून वर चिखलदऱ्यापर्यंत, तेरा मैल. सुरुवातीचा रस्ता बरा, मग घाट लागतो, आणि तो घाट असा की मोटारसुद्धा मध्ये थांबून पाणी मागते. वर मोठा समारंभ होता, मंडप, माईक, आजूबाजूच्या गावांचे पाटील, देशमुख, झाडून सगळे. देवमनने वस्तीत सांगून टाकलं की कप आपलाच, आणि कप हातात घेऊन मी माईकवर 'जय भीम' म्हणणार. खुशालराव पाटील पहिल्या रांगेत बसलेला असेल, त्याच्यासमोर म्हणणार. मग काय, सगळी वस्ती निघाली. कापसाच्या ट्रकमध्ये बायका, पोरं, भाकरीची गाठोडी आणि मी. माझ्या बायकोने, शालूने, त्याचं बनियन निळीत बुडवून काढलं होतं. नीळ सारखी बसली नव्हती, कुठे गडद कुठे फिकी, पण लांबून ओळखू येत होतं.

मामाजी आले नाहीत. निघताना त्यांनी देवमनला ओट्यावर बसवलं, त्याचे दोन्ही तळवे अंगठ्याने दाबून पाहिले आणि "जाय" म्हणाले. एवढ्याने देवमनचा चेहरा उजळला होता, हे मी पाहिलं.

शर्यत सुटली तेव्हा थंडी अशी होती की धावणाऱ्यांच्या तोंडातून वाफा निघत होत्या. आम्ही आधीच वर गेलो आणि मोथा गावाच्या अलीकडच्या वळणावर ट्रक लावून थांबलो. तिथून खालच्या रस्त्याचे वेढे दिसतात. नंतर जे ऐकलं ते असं, की सपाटीवर एक पोलीस सगळ्यांच्या पुढे सुसाट गेला आणि घाटाच्या तोंडाशी पोट धरून बसला. परतवाड्याच्या तालमीतला गोवर्धन नावाचा कुणब्याचा पोर मग पुढे झाला. चांगला जोरकस गडी, पायात कॅनव्हासचे बूट. देवमन त्याच्या मागे राहिला. चढावर तो पावलं लहान टाकायचा, मान खाली घालायचा आणि पुढचं वळण बघायचाच नाही. घाट अर्धा झाला आणि गोवर्धनचा श्वास बिघडला. देवमन त्याच्या बाजूने निघून गेला.

आम्हाला खालच्या वेढ्यावर आधी निळा ठिपका दिसला. एकटाच. त्याच्या मागे पंचांची जीप, आणि तिच्याही पुष्कळ मागे गोवर्धन. बायकांनी एकमेकींचे हात धरले. चतुराबाई, ज्यांना हे पळणं पसंत नव्हतं, त्याच सगळ्यांत पुढे जाऊन उभ्या राहिल्या. मी लिंबूपाण्याची बादली उचलून रस्त्यावर आलो. आता इथून वर रस्ता जवळपास सपाट होता. कप आमचाच होता.

तेवढ्यात मोथ्याकडून गवळ्याच्या म्हशी खाली उतरल्या. सगळा रस्ता भरून, सावकाश, म्हशींच्या रीतीने. माणूस कडेने सहज निघून गेला असता. देवमन कडेला वळलाही होता. नेमकी तेव्हा मागून जीप आली आणि ड्रायव्हरने भोंगा वाजवला. एकदा, दोनदा, मग लांब.

भोंगा ऐकला आणि देवमन थांबला.

गवळ्याच्या हातातली काठी त्याने ओढून घेतली आणि म्हशींमध्ये शिरला. "बाजू, बाजू," तो ओरडत होता, "साहेबाची गाडी आली, बाजू." आवाज देवमनचा नव्हताच. ट्रकजवळ उभ्या असलेल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाने तो ओळखला. तो मामाजींचा आवाज होता, चढ-उतारासकट.

"देवमन, पय," शालू म्हणाली. मग मोठ्याने, "पय ना रे, काय करून राहिला?"

त्याला ऐकू गेलं नाही. आमच्यापासून हाताच्या अंतरावर होता, पण गेलं नाही. त्याने म्हशी डोंगराच्या अंगाला लावल्या. एक रेडकू मागे राहिलं होतं, त्यासाठी परत खाली धावला. रस्ता मोकळा केला आणि मग स्वतः कडेला सरून कमरेत वाकला, हात कपाळाला लावून. जीप त्याच्यासमोरून गेली. आत पंचांच्या शेजारी समारंभाचे अध्यक्ष म्हणून आलेले एक मोठे साहेब बसले होते. त्यांनी हात वर केला आणि "शाब्बास" म्हणाले.

जीप वळणावर दिसेनाशी झाली तरी देवमन वाकलेलाच होता. त्याच्या समोरून कॅनव्हासचे बूट गेले तेव्हा त्याने मान वर केली. गोवर्धन पुढे निघून गेला होता. देवमनने हातातल्या काठीकडे पाहिलं. मग आमच्याकडे पाहिलं, एकेकाकडे. मी बादली घेऊन तसाच उभा. मला राग आला होता, साळ्याचा की साहेबाचा की म्हशींचा ते कळत नव्हतं, आणि रागाच्या खाली शरम होती. ती एकट्या देवमनची नव्हती, आम्हा सगळ्यांची होती. आम्ही कोणी त्याच्या नजरेला नजर दिली नाही. त्याने काठी गवळ्याला परत दिली आणि धावायला लागला, पण घाट चढून थांबलेले पाय पुन्हा तसे चालत नाहीत. तो दुसरा आला.

एवढ्यावर निभावलं असतं तरी सोसलं असतं. पण साहेब भला माणूस होता, आणि भल्या माणसाने केलेलं निस्तरणं फार कठीण. बक्षिसं झाली, गोवर्धनला कप मिळाला, आणि साहेब माईकपुढे आले. म्हणाले, आज मी एक खरा खेळाडू पाहिला. स्वतःची शर्यत सोडून त्याने आमचा रस्ता मोकळा करून दिला. ही सेवावृत्ती, ही नम्रता आजच्या तरुणांनी शिकावी. मग त्यांनी देवमनला वर बोलावलं आणि आपल्या गळ्यातला लोकरी मफलर काढून त्याच्या गळ्यात घातला. मंडपात टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत खुशालराव पाटीलही टाळ्या वाजवत होता, आणि मनापासून. या टाळ्या कशाच्या ते त्या मंडपात त्याला आणि आम्हालाच कळत होतं.

माईक देवमनच्या पुढ्यातच होता. आम्ही मागे उभे होतो, सगळी वस्ती. मी मनात म्हटलं, म्हण रे, निदान तेवढं म्हण. तो वाकला, मफलर दोन्ही हातांनी सावरला आणि खाली उतरला.

ट्रकपाशी गोवर्धन आला, हातात कप. पोरगा प्रामाणिक होता.

"देवमनभाऊ, मी मांगून आलो तवा तुमी उभे होते. मले वाटलं, पायात गोळा आला. आता समजलं मले. हा कप तुमचा हाय, घ्या."

"तुहाच हाय," देवमन म्हणाला. "तू शर्यतीत होता. मी त कामावर होतो."

परतीच्या वाटेवर ट्रकमध्ये भाकरीचं एकही गाठोडं सुटलं नाही. मफलर त्याने ट्रकच्या क्लीनरला देऊन टाकला.

गावात पोचल्यावर वाटलं होतं की हा तोंड लपवून कुठेतरी पडून राहील. पण तो सरळ घरी गेला. मामाजी ओट्यावर बसले होते. देवमन त्यांच्यासमोर उभा राहिला आणि सगळं सांगितलं. म्हशी, भोंगा, आरोळी, वाकणं, मफलर, काही गाळलं नाही. मी मागे उभा राहून ऐकत होतो आणि मला वाटत होतं की याने थोडं तरी गाळावं.

"मी तुमाले बैठकीत सर्व्याइच्या समोर बोललो," शेवटी तो म्हणाला. "लाज कशी नाई वाटली म्हनलो. आज मले माहीत झालं. माफ करा, बाबा."

मामाजींनी पोराच्या पायांकडे पाहिलं.

"तू बोलला तवा मले लाज नाई वाटली," ते म्हणाले. "राग आला. म्हनलं, याले काय समजते, याचं पोट भरलं हाय. लाज आज वाटून राहिली. मी त सोडून देल्लं, आन् थे तुह्यात राहून गेलं. तू एवढासा होता तवा मीच घातलं होतं तुह्या तोंडात."

देवमन त्यांच्या पायाशी बसला. दोघे रडले, आणि चतुराबाई आत चुलीपाशी रडल्या. मी अंगणात उभा राहून उगाच ढोरांकडे बघत होतो. रडायचं आम्हालाही होतंच.

त्यानंतर देवमन धावेनासा झाला. जिनिंगमध्ये जायचा, यायचा. फाटकापाशी आता कोणी उभं नसायचं. गाडी एकटीच रखडत स्टेशनात शिरायची आणि चहा माझा मलाच सांगावा लागायचा. पावसाळा गेला, कापूस फुटला, आणि एके दिवशी स्वारी अकोल्याला धक्क्यावर माझ्यासमोर हजर.

"भाऊजी, सायकलले भोंगा लावता का? मोठा, मोटारीचा. आन् माह्या मांगून वाजवत या."

"अन् तू काय करशीन?"

"मी रस्त्याच्या मधून पयीन. बाजूले सरनार नाई."

मला हसू आलं, पण त्याचं तोंड बघून मी ते गिळलं. बाजारातून एका भंगारवाल्याकडचा जुना रबरी भोंगा आणला, सायकलच्या दांडीला बांधला आणि रजा काढून सासुरवाडीला गेलो. गावाबाहेरच्या कच्च्या रस्त्यावर आमचा उद्योग सुरू झाला. देवमन पुढे, मधोमध. मी मागून पेडल मारत जायचो आणि भोंगा दाबायचो. दाबला की देवमन डावीकडे. ठरवून धावायचा, मुठी आवळून धावायचा, तरी डावीकडे. शेतातली माणसं काम सोडून बघायची. कधी कधी तो रस्त्याच्या कडेला जाऊन तोंड फिरवून उभा राहायचा.

"पायच ऐकत नाईत, भाऊजी," तो म्हणायचा. "मले त समजते. पायाले नाई समजत."

हळूहळू भोंग्याची सवय झाली. आता तो दचकायचा, पण सरायचा नाही. मी म्हटलं, चला, जमलं. त्या संध्याकाळी मामाजी चालत रस्त्यावर आले. इतके दिवस ते बांधावरून बघत होते, हे मला माहीत नव्हतं.

"त्याले भोंग्याचं भेव नाई," ते मला म्हणाले. "मले मांगं बसव."

मी त्यांना कॅरिअरवर बसवलं. देवमन धावू लागला, मी पेडल मारलं, आणि माझ्या पाठीमागून खुशालराव पाटील बोलला. खरंच सांगतो, मी वळून पाहिलं. तोच घोगरा, जाडसर आवाज, जेवून सुस्तावलेला. "ए डोम्या, पाय मोडले का तुहे? हट बाजूले." हाक देवमनच्या नावाची नव्हती. मामाजी स्वतःचंच नाव घेत होते, पाटील घ्यायचा तसं.

देवमन रस्त्याच्या कडेला गेला आणि कमरेत वाकला.

"पुन्हा," मामाजी आपल्या आवाजात म्हणाले.

पुन्हा धावला, पुन्हा सरला. मामाजींनी पुन्हा म्हटलं. अंधारून येत होतं, माझे पाय भरून आले होते, आणि मागून शिव्या चालू होत्या. आईवरून, जातीवरून, खाल्लेल्या घासावरून. तीस वर्षांत दमणीतून ज्या ज्या आल्या त्या सगळ्या मामाजींना पाठ होत्या. घरात त्यांच्या तोंडून आम्ही कधी वावगा शब्द ऐकला नव्हता. त्या शिव्या मी इथे लिहीत नाही. माझेच कान तापले होते.

आणि देवमन सरला नाही. खांदे आकसले, मान आत गेली, पण पाय मधोमध राहिले. मामाजींनी आवाज चढवला. तो सरला नाही. मेलेल्या ढोरावरून पाटील जे म्हणायचा तेही त्यांनी त्याला म्हटलं. तो सरला नाही, आणि मग त्याचे खांदे सैल झाले आणि तो नुसता धावू लागला, आगगाडीच्या बरोबरीने धावायचा तसा.

माझ्या पाठीमागे एकदम शांत झालं.

"थांबव," मामाजी म्हणाले. "हे बोलाची मले लाज वाटून राहिली. ज्याचे हे बोल होते, त्याले त कधी वाटली नाई."

मी सायकल थांबवली. मामाजी उतरले आणि धोतराच्या सोग्याने तोंड पुसत तिथेच रस्त्यात उभे राहिले. आम्ही थांबल्याचं देवमनला कळलं नव्हतं, तो पुढे पळतच होता.